शालवालीच्या गालाचा रंग

धाकटीचे पाय दुकानात पोचायच्या आधीच दुखायला लागायचे. दुकान शिलाईच्या धाग्यांचं. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत लहान लहान खण, प्रत्येक खणात रिळं आणि पुढे लाकडी काउंटर. काउंटरच्या आत बसायला काही नव्हतं, कारण मालकांचं म्हणणं असं, की बसलेली बाई बघून गिऱ्हाईक परत जातं. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पुढे करायचं. धाकटी तो दोन बोटांत धरून दाराशी उजेडात न्यायची, एकदा उलटा, एकदा सुलटा बघायची आणि सरळ जाऊन हवं ते रीळ काढायची. धागा कापडावर ठेवला की दिसेनासा व्हायचा. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. माणसाला एवढा एक तोरा तरी हवाच. बाकी सुजलेल्या पायांखेरीज त्या दुकानानं तिला दिलं काय होतं म्हणा!

घरी ताई. आई गेली तेव्हा ताईची शाळा सुटली आणि ती एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागली. पातेली घासण्यापासून सुरुवात करून मुख्य स्वयंपाकीण होऊनच ती बाहेर पडली. त्या पगारावर धाकटी वाढली. लग्न दोघींचंही राहिलं. ताईचं धाकटीपायी राहिलं, आणि धाकटीचं का राहिलं असं कुणी विचारलं, तर ताई सांगायची, "आलेल्या प्रत्येकाच्या शर्टाचा रंग हिला खटकायचा." ताईच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो, हे धाकटी फार लहानपणी शिकली होती.

कॅन्टीनच्या भिंतीवर कारखान्याच्या साहेबांच्या तसबिरी होत्या, तैलरंगातल्या, सोनेरी चौकटीतल्या. त्या पुसायचं कामही ताईकडेच. ती निवृत्त झाली त्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला, पण तेव्हा ताई आत सगळ्यांसाठी चहा टाकत होती. मोबाइल समोर धरला तर ती तोंडापुढे हात आणायची नाही तर जीभ काढायची. त्यामुळे तिचा धड असा एकच फोटो, कामाच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यातही अर्ध्या गालावर कारखान्याचा शिक्का.

"माझा फोटो मेल्यावर लावा भिंतीवर," ताई म्हणायची.

"कुठला लावू? शिक्क्याचा?"

"लाव की. शिक्कामोर्तब झालेली बाई म्हणतील."

धाकटी हसली, पण ते बोलणं तिच्या मनातून जाईना. साहेबांची तोंडं जन्मभर पुसली त्या बाईचं एक चित्र असू नये? आणि तेही मेल्यावर का? तिला ताईची तसबीर हवी होती, तैलरंगातली, चौकटीतली, आणि ताई समोर बसून तिला नावं ठेवील अशी, जिवंतपणी. कुणाकडून काढून घेणं परवडणारं नव्हतं. तेव्हा तिनं ठरवलं, आपणच शिकायचं. पन्नाशी उलटून गेलेली, हातात कधी पेन्सिल धरलेली नाही. ताईनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "पाय दुखतात म्हणतेस ना? मग बसून करायचं काम आहे का ते आधी विचार."

ते उभ्यानंच करायचं काम निघालं.

दर रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर चित्रकलेच्या एका सरांचा वर्ग भरायचा. सर वयानं वाकलेले, बोलायला कंजूष, आणि शिकवायची पद्धत एकच. समोरच्या भिंतीवर एका बाईची तसबीर होती. अंगावर तपकिरी शाल, मान किंचित वळवलेली, बघणाऱ्याकडे लक्ष नसलेली. सरांच्या गुरूंनी काढलेली. ती कोण होती ते सरांनाही माहीत नव्हतं, सगळे तिला शालवाली म्हणायचे. वर्गात येईल त्यानं शालवालीचीच नक्कल करायची. आधी कोऱ्या कॅनव्हासवर तिला उलटी, डोकं खाली करून काढायची, म्हणजे 'हा डोळा, हे नाक' असलं काही मनात न येता नुसते आकार दिसतात. मग सगळं एका तपकिरी रंगात. ते वाळलं की त्यावर पातळ थर, ते वाळले की आणखी थर. तेलाचा रंग वाळतो त्याच्या मर्जीनं. माणसानं नुसतं थांबायचं. थांबायची सवय धाकटीला होतीच.

आणि मग गालाचा रंग. सरांचा नियम असा, की पाटीवर रंग मिसळायचा, त्यातला ठिपका बोटावर घ्यायचा आणि थेट शालवालीच्या गालावर टेकवायचा. ठिपका दिसला तर पुसायचा, पुन्हा मिसळायचा. ज्या दिवशी ठिपका गालावर टेकवला आणि दिसेनासा झाला, त्या दिवशी रंग जुळला. तोवर जिवंत माणसाचं तोंड काढायचं नाही. इतक्या जणांनी इतकी वर्षं बोटं लावून त्या बाईचा गाल गुळगुळीत झाला होता. कुठल्याही खऱ्या बाईनं एवढं सहन केलं नसतं.

पाटीवर धाकटीचा तोरा कामाला येईल असं तिला वाटलं होतं. तो साफ उतरला. रिळं तयार असतात, रंग तयार करावा लागतो. रविवारमागून रविवार तिचा ठिपका शालवालीच्या गालावर चिखल उडाल्यासारखा दिसत राहिला. सर मागून यायचे, बघायचे आणि म्हणायचे, "पिवळी माती आणखी." ती तो मातकट पिवळा रंग आणखी घालायची. "अजून." पांढरा हात राखून, लाल नखाएवढा आणि पिवळी माती सढळ हातानं, असं करत करत एका रविवारी ठिपका टेकवला आणि तो नाहीसा झाला. धाकटी बोट तसंच धरून उभी राहिली. मग डोळे. बुबुळाच्या बाजूचा भाग तिनं पांढराशुभ्र काढला होता, त्यावर सर म्हणाले, "डोळ्याचा पांढरा कधी पांढरा नसतो." तिथेही पिवळी माती गेली.

घरी येऊन तिनं नक्कल पलंगाला टेकवून ठेवली. ताईनं लांबून पाहिली, जवळून पाहिली.

"छान आहे. पण बाई दमलेली दिसते गं."

"मूळ चित्रातही तशीच आहे."

"असेल. एवढे सगळे रोज गालाला बोटं लावतात म्हटल्यावर दमेल नाही तर काय."

पुढच्या रविवारपासून वर्गाऐवजी घरी, खिडकीपाशी, ताईचं चित्र सुरू झालं. आणि हे येरागबाळ्याचं काम नव्हे, हे धाकटीला पहिल्याच दिवशी कळलं. ताई बसेचना. गॅसवर काही ठेवलंय म्हणून उठायची, दारात कुणी आलंय म्हणून उठायची, कुणी आलं नसलं तर का आलं नाही ते बघायला उठायची. बसली तर बोलायची, आणि बोलली की जबडा हलायचा. "सगळा जन्म उभ्यानं गेला, आता बसायला शिकवतेस का मला?" असं म्हणायची. धाकटीही आठवडाभर उभी राहून आलेली. दोघींचं भांडण जुंपायचं आणि चित्र तिथेच राहायचं.

रंगाचंही जमेना. शालवालीच्या गालाचा रंग आता धाकटीला झोपेतही मिसळता आला असता. तो मिसळून तिनं ठिपका ताईच्या मनगटावर टेकवला. ठिपका पिवळाधमक दिसला. पुसला, पुन्हा टेकवला, पुन्हा पिवळा. तिचा दुकानातला डोळा सरळ सांगत होता, हे रीळ या कापडाचं नाही. पण दुकानातला डोळा म्हणजे धाग्यांचा डोळा, त्याला चित्रातलं काय कळतं, असं तिनंच त्याला दटावलं. माडीवर जाऊन सरांना विचारलं तर सर म्हणाले, "घरातला उजेड वाईट असतो. शिकलेला रंग सोडू नका. डोळा बसेल हळूहळू."

डोळा खरंच बसला. निदान तिला तसं वाटलं. दिवस लहान होत गेले, खिडकीतला उजेड मऊ झाला, आणि ठिपका हळूहळू कमी उठून दिसायला लागला. एका रविवारी नुसती कडा दिसली. त्याच सुमाराला ताईही शहाण्यासारखी बसायला लागली. उठणं नाही, बडबड नाही. खुर्चीत बसली की हात मांडीवर टाकून तशीच राहायची, कधी कधी डोळे मिटायची. "जेवण जात नाही गं," म्हणायची. हात-पाय खाजवायची आणि धाकटीच्या टर्पेंटाइनला शिव्या द्यायची, त्याच्या वासानंच अंगाला खाज सुटते म्हणून. धाकटी खिडकी जास्त उघडायची. मनातून ती खूश होती. ताई अखेर बसायला शिकली आणि आपण अखेर बघायला शिकलो, असा तिचा हिशेब.

मग तो रविवार आला. ताईच्या मनगटावर ठिपका टेकवला आणि ठिपका नाहीसा झाला.

"जुळला, ताई!"

"जुळला का? मग झालं एकदाचं," ताई म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं.

धाकटीनं त्या दिवशी न थांबता काम केलं. गाल, कपाळ, मान, सगळं जिथल्या तिथे बसत गेलं. डोळ्यांशी आली तेव्हा तिनं ताईला वर बघायला सांगितलं. डोळ्याचा पांढरा पिवळसर होता. सरांनी सांगितलं तस्साच. आपल्या सरांना किती कळतं, असं तिच्या मनात आलं आणि तिनं तो रंग होता तसा उतरवला. इतकं हुबेहूब तिच्या हातून कधी काही झालं नव्हतं.

वरच्या मजल्यावर एक बाई राहायची, तिला या दोघी वरची म्हणायच्या. बरेच दिवस ती लेकीकडे बाळंतपणाला गेली होती. परत आली ती यांच्याकडे ठेवलेली किल्ली घ्यायला खाली आली, आणि दारातच थांबली. चित्र खिडकीपाशी होतं, ताई खुर्चीत. वरचीनं चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"अगं, हिला काय झालंय?"

"कुणाला?" धाकटीनं विचारलं.

"कुणाला काय विचारतेस? डोळे बघ हिचे. हळद ओतल्यासारखे झालेत. एका घरात राहता ना तुम्ही दोघी?"

धाकटीनं वळून ताईकडे पाहिलं. मग चित्राकडे, मग पुन्हा ताईकडे. हातातला कुंचला तिनं खाली ठेवला, तो रंगाच्या बाजूनं लादीवर पडला आणि डाग पडला. तो डाग पुढे कधी गेला नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना फार काही शोधावं लागलं नाही. पित्ताच्या नळीवर गाठ होती. पित्त तुंबून रक्तात चढलं होतं. अंगाची खाज त्याचीच, अन्न न जाणं त्याचंच, खुर्चीत गप्प बसणंही त्याचंच. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, पण रागावला नाही. त्यानं फक्त विचारलं, "पिवळेपणा कधीपासून आहे?" धाकटीला सांगता येईना. कसं सांगणार? ज्या दिवसापासून रंग जुळायला लागला तेव्हापासून, असं? दर रविवारी ती या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, दुसऱ्या कुणी बघितलं नसेल एवढं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा हातात धरून ती त्याचं चित्र काढत होती. गाठ काढण्यासारखी राहिलेली नाही, असं डॉक्टर म्हणाला. आधी आलो असतो तर, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. नळीत नळी बसवून पित्ताला वाट करून दिली. घरी सोडताना तो म्हणाला, "ही नळी पुन्हा तुंबू शकते. रंगावर लक्ष ठेवा. पिवळं वाटलं की लगेच या."

रंगावर लक्ष ठेवा म्हणे. धाकटी त्या कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली आणि रडली. बसून रडायला मिळालं, तेवढंच त्या दिवसात बरं झालं.

त्यानंतरच्या रविवारी ती माडीवर गेली ती सरांना चार शब्द सुनवायला. वर्ग सुटला होता. सर एकटेच कुंचले धूत होते. तिनं सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले, मग टेबलाला धरत धरत भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, "उतरवा हिला. मला झेपणार नाही."

दोघांनी शालवालीला टेबलावर पालथी घातली. मागचे खिळे वाकवून सरांनी चौकट अलग केली आणि चित्र सुलटं केलं. चौकटीखाली झाकलेल्या कडेला, चारी बाजूंनी बोटभर पट्टी वेगळीच होती. शालीचा तपकिरी तिथे जवळजवळ लाल होता. मागची भिंत, जी सगळ्यांनी शेवाळी म्हणून रंगवली, ती निळी होती. आणि खालच्या कडेला, जिथे शालवालीचा हात चौकटीत शिरत होता, तिथे दोन बोटांची टोकं होती, उजळ, गुलाबी, आत्ता रक्त खेळत असल्यासारखी.

सरांनी त्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं.

"वॉर्निश," ते म्हणाले. "मीच मारायचो. चौकटीतून न काढता, वरून. चमक राहावी म्हणून दर थोड्या वर्षांनी एक हात. त्यात माझ्या सिगारेटी. हळूहळू पिवळी झाली असणार. मी रोज बघत होतो ना, म्हणून दिसली नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, डोळ्याचा पांढरा पांढरा नसतो."

"माझे गुरू म्हणायचे. ते कुठला रंग म्हणत होते ते मी विचारलं नाही. चित्रात पिवळा दिसला, मी पिवळा सांगितला." ते खुर्चीत बसले. "म्हणजे माझे सगळे विद्यार्थी जिथे असतील तिथे कावीळ झालेली माणसं काढत असणार."

धाकटीनं जे चार शब्द आणले होते ते तिला तिथे काढावेसे वाटले नाहीत. म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य त्या टेबलावर चौकटीबाहेर पडलं होतं. तिला त्याचा राग आला होता आणि तो राग तसाच होता, पण ती इतकी दमली होती की तो उचलून कुणावर टाकायची ताकद तिच्यात नव्हती. तिनं कुंचले धुवून दिले, चौकट भिंतीला टेकवली आणि ती घरी आली.

ताई हळूहळू आपल्या रंगावर येत होती. अंग निम्मं झालं होतं, पण तोंड पहिल्यासारखं सुरू झालं होतं. धाकटीनं चित्रावर चादर टाकून ते कपाटामागे सरकवलं होतं. ताईनं ते बाहेर काढायला लावलं. बघितलं.

"हे मी खरवडून टाकणार आहे," धाकटी म्हणाली.

"का? हुबेहूब आहे की. मी अशीच होते ना तेव्हा?"

"ताई, मला दिसलं नाही गं. एवढी समोर बसून मला दिसलं नाही."

ताईनं चादर पुन्हा चित्रावर टाकली. मग म्हणाली, "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. आपल्या घरात कावीळ मला आणि डोळे गेले तुझे. निदान वाटून घेतली." धाकटी हसली नाही, तेव्हा तिनं तिचा हात ओढून तिला पलंगावर बसवलं. "मला तरी कुठे दिसलं? आरशात रोज बघत होते. वय झालं म्हणत होते. खरवडू नकोस. आणि भिंतीवरही लावू नकोस, मी अजून आहे. दुसरं काढ. यात माझी जीभ दिसत नाही."

दुसरं सुरू झालं. या वेळी समोर शालवाली नाही, सरांची पिवळी माती नाही. धाकटी दुकानातल्यासारखी ताईचा हात खिडकीशी उजेडात न्यायची, उलटा-सुलटा बघायची, आणि मग मिसळायची. फार हळू चाललं. ताई लवकर थकायची, धाकटी थकूनच आलेली असायची. कधी कधी एखाद्या रविवारी एका कानापलीकडे काही व्हायचं नाही. चित्र आधी पुरं होतं की दुसरं काही, हे दोघींच्याही मनात असायचं, आणि ते कुणीच बोलायचं नाही.

पण काम सुरू करायच्या आधी एक गोष्ट ठरलेली. धाकटी पाटीच्या कोपऱ्यात तो जुना रंग मिसळते. पांढरा हात राखून, लाल नखाएवढा आणि पिवळी माती सढळ हातानं. ठिपका बोटावर घेते आणि ताईच्या मनगटावर टेकवते. जन्मभर रंग जुळावा म्हणून डोळे फोडलेली बाई ती, पण रविवारी सकाळी बोट उचलताना तिचा श्वास अडकतो, आणि ठिपका पिवळाधमक उठून दिसला की मगच सुटतो.

"जुळला का?" ताई विचारते.

"नाही."

"नीट बघ. मागच्यासारखं करशील."

धाकटी मनगट खिडकीशी नेते, उलटं करते, सुलटं करते. मग फडक्यानं ठिपका पुसते.

"नाही जुळत."

"मग घे कामाला. आणि तो स्टूल ओढ इकडे, बसून काढ. इथे कुठलं गिऱ्हाईक परत जातंय?"